अण्णांच्या चारशे बारा विहिरी

“पाव्हणं आले. आता काळजी मिटली,” असं अण्णा म्हणाले, तेव्हा माझा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात.

अण्णा म्हणजे माझे सासरे, बाबूराव देशिंगे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून छत्तीस वर्षं साखळी ओढून निवृत्त झालेले. गाव सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. दोन हजार चार साली लग्न होऊन मला सातच महिने झाले होते, त्यात अधिक महिना लागला आणि जावई म्हणून धोंड्याच्या जेवणाला मी आणि वैजयंती शनिवारी सकाळच्या एसटीनं तिथं पोचलो. तेहतीस अनारसे माझी वाट पाहत आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. बंद पडलेला कॉम्प्युटरही वाट पाहतोय, हे कुणी कळवलं नव्हतं.

“काल सकाळपासून सुरूच होईना. पडदा काळा. आत नुसतं कुईंकुईं वाजतंय,” अण्णा म्हणाले. “मेकॅनिकला बोलवू म्हणत होती ही. मी म्हटलं, घरचा माणूस कॉम्प्युटरातला असताना बाहेरचा कशाला?”

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांनी ‘मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे’ असं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. आमच्या कंपनीत दीडशे कॉम्प्युटर होते. त्यांच्यासमोरच्या दीडशे खुर्च्या मी आणल्या होत्या. मी खरेदी विभागात होतो. खुर्च्या, टेबलं, पंखे, पाण्याच्या बाटल्या. बघायच्या कार्यक्रमात अण्णांनी मला विचारलं होतं, “म्हणजे तुम्हाला ह्या मशीनमधलं सगळं कळत असणार?” त्यावर मी नम्रपणे हसलो होतो. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी त्यांना हवा तसा लावला, आणि मी तो दुरुस्त केला नाही. वैजूला खरं काय ते माहीत होतं. आत्ता ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता.

“जेवण झालं की बघतो,” मी म्हणालो.

“आधी बघा. माझ्या घशाखाली घास उतरत नाही,” अण्णा म्हणाले, आणि हे त्यांनी सहज म्हटलेलं नव्हतं.

त्या कॉम्प्युटरात त्यांच्या विहिरी होत्या. निवृत्तीनंतर चार वर्षं अण्णा एका लुनावर, दोर आणि मोजपट्टी घेऊन, तालुकाभर हिंडले होते. एकेका विहिरीत दोर सोडून खोली मोजायची, पाणी किती, गाळ किती, कधी आटली, मालक कोण, सगळं टिपून घ्यायचं. चारशे बारा विहिरी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मग तीन वर्षं ओळीनं पाऊस पडला नाही, टँकर सुरू झाले, आणि नव्या तहसीलदारांना कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं. गाळ काढण्यासाठी चाळीस विहिरी निवडायच्या होत्या. सोमवारी अकरा वाजता कचेरीत बैठक होती, आणि अण्णांनी यादी घेऊन यायचं होतं.

“वह्या असतील ना?” मी विचारलं. “हातानं लिहिलेल्या?”

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“रद्दीत घातल्या,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. “ह्यांनीच. म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरात आलं, घरात पसारा नको.”

“तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसला होता,” अण्णा म्हणाले.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. घरातले सगळे माझ्यामागे उभे राहिले: अण्णा, सासूबाई, वैजू, आणि अण्णांच्या थोरल्या बहीण मालनआत्या. आत्या सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही, निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या आणि आता परसदारी शिलाई मशीनवर गावातल्या पोरींना शिवणकाम शिकवत होत्या.

मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. आणि पेटीतून आवाज आला: कुईं, कुईं, कुईं.

“तीनदा वाजतंय,” आत्या म्हणाल्या. “थांबतंय, आणि परत तीनदा.”

“हं,” मी म्हणालो. डॉक्टर म्हणतात तसं.

“तीनदाच का? काहीतरी सांगत असणार ते.”

“ताई, पाव्हण्यांना काम करू दे,” अण्णा म्हणाले.

मी पेटीच्या मागचे स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत इतकं लख्ख होतं, की मी चकित झालो. आमच्या ऑफिसात एकदा एक पेटी उघडलेली बघितली होती, तर आत उंदराचं घर निघेल इतकी धूळ होती. इथं कणभर नाही. उलट सगळीकडे कसलीशी चकाकी.

“तुम्ही कधी उघडला होता का हा?” मी विचारलं.

“छे! मी हातसुद्धा लावला नाही,” अण्णा म्हणाले. जरा जास्तच चटकन म्हणाले, पण माझं लक्ष माझ्याच अब्रूकडे होतं.

“धूळ नाही,” मी जाहीर केलं. “म्हणजे बिघाड आतला आहे.”

ह्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मला धीर आला. मी म्हणालो, “ऑफिसला एक फोन करावा लागेल.”

फोन मधल्या खोलीत, देवघराशेजारी. आमच्या कंपनीतली मशीनं सांभाळणारा फिरोज मुजावर माझा दोस्त. शनिवारी अर्धा दिवस तो असायचा.

“फिरोज, ऐक, एक क्लायंट आहे,” मी म्हणालो.

“कसला क्लायंट? तू सासुरवाडीला गेलायस ना?”

“हो, तोच.”

“सासऱ्यांचं मशीन बंद पडलंय?”

“बरोबर.”

“आणि त्यांना वाटतंय, तुला येतं?”

“अगदी बरोबर.”

तो असा हसला, की मला रिसीव्हर कानावर घट्ट दाबून धरावा लागला, कारण अण्णा वही-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसले होते.

“आत काही महत्त्वाचं आहे का?” हसू आवरून त्यानं विचारलं.

“खूप.”

“दुसरीकडे कॉपी?”

“नाही.”

आता तो हसायचा थांबला. “मग नीट ऐक. सारखं चालू-बंद करू नका.”

“सारखं चालू-बंद करायचं नाही!” मी दरडावून म्हणालो. अण्णांनी लिहून घेतलं.

“मशीन मेलं तरी चालेल, फायली वाचल्या पाहिजेत. आधी फायली, मग मशीन.”

“आधी फायली! मशीनचं नंतर बघू!”

“आत हार्ड डिस्क असेल. विटेच्या तुकड्याएवढी, चपटी, जड. वीज काढून ती सोडव, आणि दुसऱ्या चालू मशीनला नेऊन जोड. तिथून फायली कॉपी कर. आणि कुणी काही म्हणालं तरी फॉरमॅट करू द्यायचं नाही. ते म्हणजे पाटी पुसणं.”

“डिस्क काढा, दुसरीकडे जोडा, आणि फॉरमॅट करायचं नाही, किती वेळा सांगायचं तुम्हाला!”

“शाबास,” फिरोज म्हणाला. “आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडताना—”

नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी माझ्या तोंडापुढे अनारसा धरला. “बोलून बोलून घसा सुकला असेल. तोंड गोड करा.” जावयाला नाही म्हणता येत नाही. अनारसा भरलेल्या तोंडानं मी “हं, हं” करत राहिलो. तिकडे फिरोज काहीतरी पिन, काहीतरी मागची बाजू, काहीतरी पहिली-दुसरी असं सांगत होता, आणि माझ्या कानात माझाच कुरकुरीत अनारसा वाजत होता.

“कळलं ना? नाहीतर घोळ होईल,” फिरोज म्हणाला.

परत विचारावं, तर समोर अण्णा. आत्तापर्यंत सूचना मी देत होतो, त्या मीच परत कशा विचारणार? “ठीक आहे, लागा कामाला,” असं म्हणून मी फोन ठेवला.

“कसा बोलतो बघा,” सासूबाई अण्णांना म्हणाल्या. “पुण्याचं ऑफिस नुसतं थरथरत असेल.”

वैजू पदर तोंडाला लावून परसात निघून गेली.

डिस्क काढायला मला पाऊण तास लागला. सासूबाईंनी ती लोकरीच्या मफलरीत गुंडाळली, अण्णांनी ती पोटाशी धरली आणि लुनावर माझ्यामागे बसले. गावात चालू कॉम्प्युटर असलेली, शनिवारी उघडी असणारी एकच जागा होती: शिंत्रे सरांचा कॉम्प्युटर क्लास. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला अण्णा “हळू, हळू” म्हणत होते. मला नव्हे, डिस्कला.

शिंत्रे सर म्हणजे चाळिशीचा, खिशाला तीन पेनं लावलेला, अतिशय अदबशीर माणूस. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली.

“सर, आपण सांगाल तसं,” ते म्हणाले.

“जोडा,” मी म्हणालो.

त्यांनी आपल्या मशीनची डिस्क काढली, आणि तिच्या जागी आमची जोडली. मशीन सुरू झालं. पडद्यावर विंडोजचं चिन्ह उगवलं, अण्णा “आलं!” म्हणून ओरडले, आणि सगळा पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. परत सुरू केलं, परत निळा. तिसऱ्यांदाही तेच.

“विंडोज उडालंय,” शिंत्रे सर म्हणाले. त्यांनी खणातून एक सीडी काढली. “ह्याला एकच उपाय. फॉरमॅट मारून नवीन टाकू.”

सीडी फिरली. पडद्यावर याद्या आल्या. शिंत्रे सरांनी बाणाची बटणं दाबून एका ओळीवर पट्टा आणला आणि उजव्या हाताची तर्जनी ‘एफ’ अक्षरावर धरली.

“सर, दाबू?”

फिरोजनं सांगितलेलं मला आठवत होतं: कुणी काही म्हणालं तरी करू द्यायचं नाही. पण फिरोजनं निळ्या पडद्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, आणि ते अनारशाखाली गेलं होतं. न जाणो, हाच तो घोळ असेल, आणि त्यावर हाच उपाय असेल. शिंत्रे सर क्लास चालवतात. मी खुर्च्या आणतो.

“पाव्हणं सांगतील तसं करा,” अण्णा म्हणाले. त्यांनी रिकामी मफलर दोन्ही हातांत धरली होती आणि माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात शंका नव्हती. शंका असती तर मला सोपं गेलं असतं.

“सर?” शिंत्रे सरांचं बोट बटणाला टेकलं.

“थांबा,” मी म्हणालो. “अण्णा, मला ह्यातलं काही येत नाही.”

“म्हणजे हा प्रकार नवीन आहे?”

“सगळेच प्रकार नवीन आहेत. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. मी खुर्च्या घेतो. टेबलं घेतो. मघाशी फोनवर मी कुणाला सूचना देत नव्हतो, माझा मित्र मला सांगत होता. आणि त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही. तुमच्या चार वर्षांच्या कामावर बटण दाबायला सांगायचा मला काही अधिकार नाही.”

शिंत्रे सरांनी बोट उचललं नव्हतं. माझे कान तापले होते. सासरा काय म्हणेल ह्याची मी मनात उजळणी करत होतो: फसवणूक, मध्यस्थ, माझ्या मुलीचं नशीब.

अण्णांनी मफलरीची घडी घातली. ती मोडली, आणि परत घातली.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “मी तो उघडला होता.”

“काय?”

“गुरुवारी दुपारी. आतला पंखा कुरकुरत होता. म्हटलं, आधी धूळ काढावी. सायकलच्या पंपानं हवा मारली. मग ताईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले.” ते थांबले. “दोन म्हणजे, बुधली हातातून निसटली जरा. मग आत एक हिरवी पट्टी होती, तिच्यावर गेलं, म्हणून ती ओढून काढली, धोतराला पुसली आणि होती तशी बसवली. होती तशीच बसवली की नाही, देव जाणे. त्यानंतर तो वाजायला लागला.”

“मग सकाळी सांगितलं का नाही?”

“तुम्ही एवढे जाणकार. तुमच्यासमोर कसं सांगू?”

मग अण्णांच्या पोटातून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

शिंत्रे सरांनी आता बोट उचललं, खिशातलं एक पेन काढून उगीचच परत लावलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आता विषय निघालाच आहे, तर सांगतो. मी मूळचा टायपिंगचा. मशीन बिघडलं, की मला फॉरमॅट एवढंच येतं.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. अण्णांनी स्वतः शिंत्रे सरांच्या फोनवरून फिरोजला फोन लावला. “मी सासरा बोलतोय,” अशी त्यांनी सुरुवात केली. “आम्हा तिघांनाही काही येत नाही. तुम्ही पहिल्यापासून सांगा, आणि सावकाश सांगा.”

फिरोजनं सावकाश सांगितलं. सीडी बाहेर काढा. शिंत्रे सरांची डिस्क तिच्या जागी परत बसवा, ती पहिली. अण्णांची दुसरी. दुसरी आहे हे मशीनला कळावं म्हणून तिच्या मागच्या बाजूची एक इवलीशी प्लास्टिकची टोपी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागेवर घाला. अण्णांच्या डिस्कवर दुसऱ्या मशीनचं विंडोज चालवायला गेलं, की पडदा निळाच होणार, त्यात फायलींना काही झालेलं नसतं. ती टोपी तांदळाच्या दाण्याएवढी होती, आणि काढताना ती उडाली. मग भूमी अभिलेख खात्याचे निवृत्त भूकरमापक, क्लासचे संचालक आणि मी, असे तिघं फरशीवर ओणवे झालो. ती अण्णांनाच सापडली. त्यांनी खोलीचे चार भाग पाडून पद्धतशीर शोध घेतला होता.

मशीन सुरू झालं. नवीन ड्राइव्ह दिसला. त्यात एक फोल्डर, नाव ‘विहिरी’. शिंत्रे सरांनी ते उघडलं, आणि ओळीमागून ओळी खाली सरकू लागल्या. अण्णा पडद्याला नाक लावून वाचायला लागले. यादीत ‘शेरा’ असाही रकाना होता.

“अठ्ठ्याऐंशी नंबर. खोली एकतीस फूट. मालक म्हणतो पाणी नाही. दोर टाकला, पाणी आहे.” ते पुढं वाचत होते. “दोनशे सतरा. बेचाळीस फूट. कोरडी. मालक सज्जन, ताक दिलं. तीनशे चार. काठावर पिंपळ, आत कासव, पाणी सात फूट, सुनेनं स्वतः दोर धरला.” तीनशे पाचनंतर त्यांनी चष्मा काढून मफलरीला पुसला.

आम्ही दोन सीडी केल्या. अण्णा म्हणाले, तिसरी करा. ती शिंत्रे सरांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

घरी पोचलो, तेव्हा जेवणाची ताटं वाढून गार झाली होती. आत्या कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीपाशी बसल्या होत्या. त्यांनी बोटानं आतली एक कड चोळली, नाकाशी धरली आणि भावाकडे पाहिलं.

“बाबू. हे माझ्या मशीनचं तेल.”

पासष्ट वर्षांचे अण्णा मुकाट्यानं पाटावर बसले.

“अठ्ठावीस वर्षं मी बोर्डावर काढली,” आत्या म्हणाल्या. “लाइन लागत नसली, की निम्म्या वेळा नुसता कॉन्टॅक्ट खराब असायचा. सकाळपासून विचारतेय, तीनदा का वाजतंय. पाव्हणं, त्या तुमच्या मित्राला विचारा.”

मी विचारलं. ह्या वेळी तोंड रिकामं ठेवून. फिरोज म्हणाला, तीन बीप म्हणजे मेमरी, ती हिरवी पट्टी. वीज काढा, ती उपसा, तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर फिरवा, आणि टक् असा आवाज येईपर्यंत परत दाबा. “आणि बीप वाजतात हे मला सकाळी का नाही सांगितलंस?”

आत्यांनी शिवणाच्या डब्यातलं खोडरबर काढलं आणि पट्टीचे दात असे पुसले, की मला माझे दात आठवले. टक् झालं. डिस्क जागेवर बसवली. बटण दाबलं. मशीन एकदाच वाजलं, आणि पडदा उजळला.

जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. खरेदी विभाग, खुर्च्या, फोन. वैजूनं ताटात मान घातली होती, पण तिचे खांदे हलत होते.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मग? आम्ही काय कॉम्प्युटरला पोरगी दिली का?” त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी दोन अनारसे ठेवले.

सोमवारी बैठक झाली. यादीतल्या चाळीसपैकी सव्वीस विहिरींचा गाळ निघाला, चौदांचा कागदोपत्रीच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात सव्वीसपैकी अकरा विहिरींना पाणी टिकलं. अण्णा म्हणाले, अकरा म्हणजे वाईट नाही. त्यांनी त्या अकरांच्या शेऱ्यात तारीख घातली आणि चार नव्या सीडी काढल्या.

ह्याला आता वीस वर्षं होऊन गेली. आत्या गेल्या, शिंत्रे सरांचा मुलगा क्लास चालवतो. अण्णा ऐंशी पार करून टुणटुणीत आहेत, आणि घरात काही बिघडलं, की पहिला फोन मला करतात. गेल्या आठवड्यात दुपारी ऑफिसात होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

“पाव्हणं, एकटे आहात का?”

“हो. काय झालं?”

“मिक्सर उघडलाय.”

“अण्णा, मला मिक्सरमधलं काही कळत नाही.”

“ते माहीत आहे हो मला. दुरुस्त करायला माणूस यायचाय. पण एक स्प्रिंग उरली आहे, आणि ही देवळातनं यायच्या आत कुणाला तरी खरं सांगून टाकावं, म्हणून फोन केला.”